घराचे दप्तर : विक्री, डागडुजी आणि कथन

१

मराठी समीक्षेत 'घर' हा शब्द प्रामुख्याने आशयसूत्र म्हणून वावरला आहे. कुटुंबाचा ऱ्हास, स्थलांतर, स्त्रीची कोंडी, शहर आणि गाव यांतील ताण या विषयांच्या विवेचनात घर हे प्रतीक म्हणून येते आणि प्रतीकाचे कार्य संपताच समीक्षकाच्या दृष्टीआड होते. घर बांधले जाते, दुरुस्त होते, गहाण पडते, विकले जाते, आणि या प्रत्येक घटनेचा एक कागद तयार होतो, ही बाब वाङ्मयीन विचाराच्या कक्षेत सहसा येत नाही. खरेदीखत, फेरफाराची नोंद, हक्कसोडपत्र, घरटॅक्सची पावती, लाकडाचा परवाना ही घराची दुसरी भाषा आहे. या भाषेतही निवेदक आहे, पात्रे आहेत, कालाची एक विशिष्ट रचना आहे, आणि काय सांगायचे व काय गाळायचे याविषयीचे कठोर संकेत आहेत. ललित साहित्यातील घर आणि दप्तरातील घर यांची ही दोन कथने परस्परांना काय सांगतात, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

दप्तर आणि घर यांचे नाते केवळ योगायोगाचे नाही. १९९४ च्या लंडनमधील व्याख्यानात आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथरूपात झाक देरिदा यांनी 'आर्काइव्ह' या शब्दाचे मूळ ग्रीक 'आर्खेइओन' या शब्दात दाखवले. त्याचा अर्थ सत्ताधाऱ्यांचे निवासस्थान. कागद तेथे ठेवले जात आणि त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकारही त्या घरात राहणाऱ्यांकडेच असे. म्हणजे दप्तर हे मुळातच कोणाचे तरी घर आहे. सामान्य माणसाच्या घराची नोंद होते ती दुसऱ्या, अधिक बलवान घरात. मराठीत फारसीमधून आलेला 'दप्तर' हा शब्द कागदांचा गठ्ठा आणि तो ठेवण्याची जागा, दोन्हींसाठी वापरला जातो. पुण्यातील पेशवे दप्तर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने दप्तराकडे कधी पाहिलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १८९८ पासून वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. १९३० नंतरच्या काही वर्षांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रकाशात आले. पत्रे, महजर, वतनाचे निवाडे, मिरासपत्रे यांतील गद्याची दखल पुढे भाषेच्या अभ्यासकांनी घेतली आणि बखरींबरोबर या गद्यालाही जुन्या मराठी गद्याच्या इतिहासात स्थान मिळाले. परंतु हा मान कागदाला त्याच्या वयामुळे मिळाला. अठराव्या शतकातील जमिनीच्या तंट्याचा कागद गद्याचा नमुना ठरतो आणि विसाव्या शतकातील घराचे खरेदीखत केवळ कचेरीचे काम ठरते, यामागे वाङ्मयीन निकष कोणता, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.

२

खरेदीखताची संहिता बारकाईने पाहिली तर तिची संरचना लक्षात येते. आरंभी 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार' अशी दोन नावे असतात. प्रत्यक्षात दोघांपैकी कोणीही काही लिहीत नाही. लिहितो तो दस्तलेखक. तोच 'मी' हे सर्वनाम वापरतो आणि हे 'मी' त्याचे नसते. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूचा जो सिद्धान्त मांडला, त्याचे अत्यंत साधे व्यवहारी रूप तालुक्याच्या कचेरीबाहेरच्या टेबलावर त्याआधीपासून नांदत होते. फरक इतकाच की येथे लेखकाच्या अभावाची किंमत कोणा एकाला मोजावी लागते. लिहून देणाऱ्याने आपल्या अंगठ्याच्या ठशाखाली जे वाक्य मान्य केले, ते त्याचेच वाक्य म्हणून पुढे न्यायालयात उभे राहते.

त्यानंतर येते मालमत्तेचे वर्णन. त्याचा गाभा म्हणजे चतुःसीमा : पूर्वेस अमुक याचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस पडीक जागा. या वर्णनात घराच्या आत कोणी शिरत नाही. गास्ताँ बाश्लार यांच्या १९५७ च्या ग्रंथात घर हे तळघरापासून माळ्यापर्यंत स्मृतींनी भरलेले अवकाश आहे. खरेदीखतातील घर याच्या नेमके उलट, बाहेरून पाहिलेले, शेजाऱ्यांच्या नावांनी आखलेले एक रिकामे क्षेत्र आहे. तथापि या रिकामेपणातही एक सामाजिक सत्य नोंदले जाते. घराची ओळख घराच्या आतून ठरत नाही, भोवतालच्यांकडून ठरते, हे चतुःसीमा सांगते. शेजारी बदलला की जुन्या खतातील घर सापडेनासे होते.

तिसरा आणि सर्वांत अर्थपूर्ण घटक म्हणजे विक्रीचे कारण. घरखर्च, कर्जफेड, मुलीचे लग्न, आजारपण, 'दुसरी सोयीची मिळकत घेणे' असे मोजके शब्द पिढ्यान् पिढ्या वापरले जातात. एकत्र कुटुंबाची मिळकत विकणाऱ्या कर्त्याला कुटुंबाची कायदेशीर गरज दाखवावी लागते, म्हणून हे कारण लिहिणे ही केवळ रीत नाही. कारण दिले नाही तर विक्रीलाच आव्हान मिळू शकते. परिणामतः कुटुंबाची खरी व्यथा आणि कायद्याला मान्य होणारे कारण यांत अंतर पडते. भावांचे पटत नाही, म्हाताऱ्याला गावात राहवत नाही, सुनेला हे घर नको आहे, ही कारणे खरेदीखतात येऊ शकत नाहीत. ललित लेखन नेमके येथून सुरू होते.

शेवटी 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत' ही शब्दावली असते. कथनमीमांसेच्या दृष्टीने हे वाक्य अत्यंत लक्षणीय आहे. ज्या शक्यता नाकारायच्या आहेत त्यांची ते स्वतःच यादी देते. दडपणाचा इतिहास नसता तर 'दडपणाशिवाय' लिहिण्याची गरज पडली नसती. दस्तऐवजाचे मौन हे असे बोलके असते आणि समीक्षेने वाचायचे ते हेच.

३

महेश एलकुंचवार यांच्या नाट्यत्रयीकडे या दृष्टीने पाहिले तर तिचा एक फारसा न चर्चिला गेलेला पैलू पुढे येतो. विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेले 'वाडा चिरेबंदी' आणि नंतरची 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' ही तीन नाटके चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये सलग नऊ तासांच्या प्रयोगातून सादर केली. विदर्भातील धरणगावच्या देशपांडे कुटुंबाची ही कथा ऱ्हासाची, कालप्रवाहाची, अस्तित्वविषयक जाणिवेची म्हणून वाचली गेली, आणि ते योग्यच आहे. परंतु या त्रयीचा कथानकात्मक कणा मालमत्तेच्या व्यवहारांनी बनला आहे. पहिल्या नाटकात कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूनंतरच्या तेराव्याच्या खर्चापायी वाड्याचा भाग हातचा जातो. दुसऱ्यात भास्करचा मुलगा पराग याच्या हाती कर्तृत्व आणि पैसा आल्यावर त्याच वाड्याला नवे रूप येते. तिसऱ्यात पाणीच संपते, आणि विकण्यासारखे किंवा दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही. विक्री, नूतनीकरण आणि निरर्थकता अशी ही तीन पावले आहेत.

या त्रयीतील पहिल्या व्यवहाराचे खरेदीखत कसे असते, याची कल्पना करून पाहणे उद्बोधक ठरेल. लिहून देणार भास्कर, लिहून घेणार बन्सीलाल, कारण : वडिलांचे उत्तरकार्य. कायद्याच्या दृष्टीने हे कारण उत्तम आहे, कारण पित्याचे उत्तरकार्य ही कुटुंबाची मान्य गरज आहे. नाटक मात्र याच 'मान्य' कारणाच्या आत शिरते आणि दाखवते की गावाला जेवण घालण्याची ही गरज प्रतिष्ठेच्या भयातून आली आहे. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि गावजेवण यांचा हिशेब एकत्र मांडणारा रकाना कोणत्याही दस्तात नसतो. तो नाटककाराने निर्माण केला. आंतोन चेखव यांच्या १९०४ मधील 'द चेरी ऑर्चर्ड' या नाटकाशी या नाट्यकृतीची तुलना वारंवार झाली आहे. त्या नाटकातही लिलावाची तारीख, २२ ऑगस्ट, पहिल्या अंकापासून पात्रांच्या डोक्यावर लटकत असते. दप्तराची तारीख आणि माणसांचा काल यांतील विसंगती हा दोन्ही नाटकांचा समान आधार आहे. फरक असा की चेखवच्या नाटकात लिलाव बाहेरून कोसळतो, तर एलकुंचवारांच्या नाटकात घरातला थोरला मुलगाच स्वतःच्या हाताने सही करतो.

स्त्रियांच्या बाबतीत दस्त आणि नाटक यांतील तफावत सर्वाधिक तीव्र होते. सातबाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. कुळे, बोजे, विहिरीतील हिस्सा यांच्यासोबत बहिणी आणि विधवा मातांची नावे अनेकदा याच रकान्यात जाऊन बसलेली आढळतात. वाड्यातील आई, प्रभा, वहिनी, अंजली, रंजू या पाच स्त्रियांचे स्थान या दोन शब्दांहून अधिक अचूकपणे सांगता येणार नाही. शिकण्याची इच्छा मारून घरात राहिलेली प्रभा, वडिलोपार्जित दागिने अंगावर घालणारी वहिनी आणि तेच दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर निघून जाणारी रंजू या तिघींचे मालमत्तेशी असलेले नाते नोंदविरहित आहे. म्हणूनच ते सोन्याच्या, हातात धरता येणाऱ्या रूपात प्रकट होते. रंजूची कृती घराण्याच्या दृष्टीने चोरी आहे. परंतु जमिनीवर जिचे नाव कधीच येणार नव्हते, तिने आपला हिस्सा ज्या एकमेव रूपात नेता येत होता त्या रूपात नेला, असेही वाचन शक्य आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील महाराष्ट्राची दुरुस्ती, जिने मुलीला सहदायादाचा दर्जा दिला, १९९४ ची आहे. देशभरासाठीची दुरुस्ती २००५ ची. त्रयीचा सलग प्रयोग आणि महाराष्ट्राचा हा कायदा एकाच वर्षी यावेत हा योगायोग आहे. परंतु त्यानंतर वाढलेली हक्कसोडपत्रांची प्रथा योगायोग नव्हे. बहिणीला हक्क मिळाला आणि त्याबरोबर तो 'राजीखुशीने' सोडण्याचा कागदही तिच्यापुढे आला.

४

वाडा हे मराठी साहित्यातील घराचे प्रातिनिधिक रूप मानले जाते, आणि येथेच समीक्षेची मोठी अडचण सुरू होते. वाड्याला दप्तर असते. चिरे, चौक, वतन, इनाम यांचे कागद पिढ्यांनी जपलेले असतात. घराविषयीचा मराठी वाङ्मयीन विचार अशा दप्तरसमृद्ध घरांवर उभा राहिला. त्याच विदर्भाच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ असलेल्या सिरोंच्याकडे पाहिले तर घर आणि कागद यांचे नाते वेगळेच दिसते.

सिरोंचा हे दप्तरांच्या सीमेवरचे गाव आहे. १८६० मध्ये निर्माण झालेल्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ते मुख्य ठिकाण होते. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला, भद्राचलमचा भाग मद्रास इलाख्यात गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडले गेले. १९५६ पर्यंत मध्य प्रांत व नंतरचा मध्य प्रदेश, मग द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र, आणि २६ ऑगस्ट १९८२ पासून गडचिरोली जिल्हा असा या तालुक्याच्या कागदांचा प्रवास आहे. जिल्ह्याचे ठिकाण आजही दोनशे किलोमीटरहून दूर आहे. घरात तेलुगू, जंगलाच्या गावांत गोंडी आणि माडिया, व कचेरीत मराठी, अशी येथील भाषिक स्थिती आहे. दस्ताच्या अखेरीस येणारे 'वाचून दाखविले, समजले' हे वाक्य अशा ठिकाणी किती ओझे वाहते, याचा विचार केला पाहिजे. कोणाला कोणत्या भाषेत वाचून दाखवले, हे ते वाक्य सांगत नाही. मराठीच्या अभ्यासकाला हे अस्वस्थ करणारे आहे, कारण ज्या भाषेला तो न्याय्य प्रादेशिक अस्मितेची भाषा मानतो, तीच येथे सत्तेच्या घराची भाषा आहे.

यापेक्षाही मूलभूत प्रश्न नोंद होण्याच्या पात्रतेचा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी असे ठरवले. त्याहून कमी किमतीची मालमत्ता नुसता ताबा देऊनही विकता येई. १९०८ च्या नोंदणी कायद्याने हाच उंबरठा कायम ठेवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुडाच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले घर शंभर रुपयांचे कोठून असणार? म्हणजे अशा घराची विक्री झाली तरी तिचा कागद होण्याचे कारण नव्हते. माणसाने माणसाला घर हाती दिले आणि गोष्ट तेथेच संपली. दप्तरात जे घर सापडत नाही ते अस्तित्वात नव्हते असे मानणारा इतिहास, आणि साहित्यात जे घर येत नाही ते अनुभवशून्य मानणारी समीक्षा, या दोन्हींच्या मुळाशी हा शंभर रुपयांचा उंबरठा आहे.

तरीही या घरांची एक नोंद सापडते, पण ती घरांच्या दप्तरात नाही. ती जंगलाच्या दप्तरात आहे. जुन्या मध्य प्रांतातून महाराष्ट्रात आलेल्या जिल्ह्यांत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे दोन कागद चालत आले व १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही त्यांना स्थान मिळाले. पहिल्यात पडीक जमिनीवरील गावकऱ्यांच्या वापराची व्यवस्था असते, दुसऱ्यात गावाच्या रूढी आणि वहिवाटी. घरदुरुस्तीसाठी लाकूड, बांबू, गवत कोठून व कसे घ्यावे, हा निस्ताराचा गाभा आहे. सागवानासाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रदेशात घराची डागडुजी ही खाजगी बाब कधीच नव्हती. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे किंवा छप्पर शाकारणे हे काम, आणि त्यासाठी लागणारा एकेक वासा, गाव व वनखाते यांच्यातील संबंधाचा भाग होता. वाड्याच्या दुरुस्तीत मालकाची ऐपत दिसते. सिरोंच्याच्या घराच्या दुरुस्तीत गावाचा जंगलावरील अधिकार दिसतो. घर हे व्यक्तीच्या अंतर्मनाचे अवकाश आहे, ही पाश्चात्त्य कल्पना येथे अपुरी पडते ती याच ठिकाणी. या घराचा अर्धा भाग कायम जंगलात उभा असतो.

५

'दोघांचे घर' ही कल्पना मराठी भावविश्वात जुनी असली तरी दप्तरात ती फार उशिरा आली. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली चालवलेल्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमाने पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला. २००३ मध्ये ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्याचे शासकीय धोरण 'घर दोघांचे' या नावाने आले. वनहक्क कायदा, २००६ याने तर विवाहित व्यक्तींच्या बाबतीत हक्काची नोंद पती आणि पत्नी दोघांच्या संयुक्त नावे होईल असे स्पष्ट केले. त्याच तरतुदीनुसार हा हक्क वारसाने जातो, परंतु तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही.

कथनाच्या दृष्टीने या तरतुदीचे महत्त्व विलक्षण आहे. देशपांड्यांच्या वाड्याच्या कथेला विक्रीच्या शक्यतेने गती मिळते. कथानक म्हणून पाहता मालमत्ता ही हस्तांतरणाची वाट पाहत असलेली वस्तू असते. वनहक्काच्या दस्तात मात्र एक जोडपे आहे, निवासाची आणि कसण्याची जमीन आहे, आणि विक्रीचा प्रसंग कायद्यानेच वगळलेला आहे. आदिवासींच्या जमिनीवरील निर्बंध, म्हणजे महसूल संहितेतील १९७४ ची तरतूद, विक्रीला परवानगीच्या अटीने अडवतात. वनहक्क ती शक्यताच काढून टाकतो. अशा घराची कादंबरी कोणत्या आकाराची असेल? ऱ्हास, लिलाव, वाटणी हे परिचित टप्पे तिच्या उपयोगाचे नाहीत. मराठी कादंबरीला हा आकार अजून शोधायचा आहे.

येथे एक सावधगिरी बाळगणे भाग आहे. विकता न येणारे घर म्हणजे सुरक्षित घर नव्हे. गोदावरीवरील मेडीगड्डा बंधाऱ्यासाठी महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यात २३ ऑगस्ट २०१६ रोजी करार झाला, २१ जून २०१९ रोजी प्रकल्पाचे उद्घाटन झाले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले. दरम्यान सिरोंचा तालुक्यातील नदीकाठच्या शेतकऱ्यांना जमीन देणे, मोबदला आणि बॅकवॉटरचे पाणी हे तिन्ही प्रश्न भोगावे लागले. जुलै २०२२ च्या महापुरात या तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली. शासनच जेव्हा लिहून घेणार असते, तेव्हा खरेदीखतातील 'राजीखुशीने' या शब्दाचा अर्थ कोणत्या शब्दकोशात पाहायचा? ज्या घराची आजवर नोंद नव्हती त्या घराचा पहिला तपशीलवार कागद बहुधा नुकसानीचा पंचनामा असतो. भिंत किती पडली, धान्य किती भिजले, कवेले किती फुटले. उभ्या घराचे वर्णन करायला दप्तराला सवड मिळाली नाही. पडलेल्या घराचे ते बारकाईने करते.

६

दस्तऐवजांना साहित्याप्रमाणे वाचण्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, यातून साहित्याची स्वायत्तता धोक्यात येते, खरेदीखत आणि नाटक एकाच पंक्तीत बसतात. वस्तुतः येथे पंक्तिभेद मोडण्याचा आग्रह नाही. दस्ताचे संकेत समजले की नाटककाराने काय केले ते अधिक स्पष्ट होते. जी कारणे दस्तात लिहिता येत नाहीत त्यांचे विश्व त्याने उभे केले, हे त्याचे श्रेय दस्त वाचल्याशिवाय नेमके मोजता येत नाही. कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७६ मध्ये एका गिरणीवाल्याचे मन धर्मन्यायालयाच्या कागदांतून वाचून दाखवले. त्या वाचनाचे बळ कागदाला साहित्य म्हणण्यात नव्हते. ज्याने प्रश्न विचारले आणि ज्याने उत्तरे दिली त्या दोन आवाजांतील फट ओळखण्यात ते होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विस्थापितांच्या, गरिबांच्या कागदांची शैली न्याहाळणे हा त्यांच्या दुःखाचा सौंदर्यवादी उपभोग नव्हे काय? हा धोका खरा आहे. परंतु कागदाची भाषा न वाचण्याची किंमतही तेच लोक मोजतात. 'इतर हक्क' हे दोन शब्द, 'वाचून दाखविले' हे वाक्य, शंभर रुपयांची एक अट यांनी घरे मिळतात आणि जातात. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी ही भाषा वकिलांवर आणि दस्तलेखकांवर सोडून द्यावी, यात वाङ्मयाची कोणतीही शुद्धता जपली जात नाही.

घराविषयीचे मराठी साहित्य वाड्याच्या दप्तराबाहेर पाहू लागले तर त्याला तीन गोष्टी सापडतील : ज्याची विक्री कागदाविना झाली असे घर, ज्याच्या दुरुस्तीचे लाकूड गावाच्या हक्कातून आले असे घर, आणि दोघांच्या नावे असलेले पण विकता न येणारे घर. या तिन्हींपैकी एकालाही चिरेबंदी वाड्याच्या मापाने मोजता येणार नाही. त्यांच्यासाठी वेगळे माप घडवणे हे समीक्षेचे काम आहे, आणि त्याची सुरुवात निस्तारपत्रकाचे एक पान कवितेइतक्याच सावधपणे वाचण्यापासून करता येते.